लोअर केलेल्या छोट्या पोलोला हिवाळी टायर: १७ ठेवू की १५ वर येऊ?

आल्बची_वर्षा | ४ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार. इथलं वाचते दोन वर्षांपासून, लिहायची वेळ पहिलीच.

मी जर्मनीत बाड उराखला राहते आणि वर म्युन्सिंगनला एका दवाखान्यात सिस्टर आहे. सकाळची पाळी सहाला सुरू होते, म्हणजे सव्वापाचला घर सोडायचं. गेला हिवाळा माझ्याच वॉर्डातल्या एका बाईंच्या गाडीतून गेला, त्या आता निवृत्त झाल्या. म्हणून जुलैमध्ये स्वतःची गाडी घेतली. २०१२ची पोलो, १.२ पेट्रोल.

गाडी लोअर केलेली, म्हणजे आखूड स्प्रिंगा घालून खाली बसवलेली आहे हे घेताना माझ्या लक्षात आलं नाही. उन्हाळ्यात शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या पोलोकडे बघितलं तेव्हा कळलं. चाकाच्या वर आमच्या गाडीला बोटभर जागा, त्यांच्या गाडीला मूठ जाईल एवढी. चाकं १७ इंची, टायर २१५/४० आर १७. टेपने मोजलं, पुढच्या बंपरची खालची कड जमिनीपासून ११ सेंटीमीटर.

विकणाऱ्याने चार हिवाळी टायर "असेच घेऊन जा" म्हणून दिले होते. काल ते तळघरातून काढून धुतले. तेही १७ इंचीच. बाजूला डीओटीच्या पुढे ३४१४ आहे, एम+एस (चिखल आणि बर्फ) लिहिलंय, पण डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह नाही. एक युरोचं नाणं खाचेत घातलं तर सोनेरी कड जेमतेम बुडते.

रस्ता बी ४६५. उराखहून झेबुर्गच्या दरीतून वर चढतो. खाली ४६० मीटर, वर ७०० मीटर. इथले लोक म्हणतात की आल्बवर, म्हणजे या वरच्या पठारावर, एक कोट जास्त थंडी, आणि ते खरं आहे. खाली पाऊस असतो तेव्हा वर बर्फ असतो.

हे टायर चालतील का? नाही तर नवे १७ इंची घ्यावेत की लहान चाकं घ्यावीत? लहान चाकं लावली तर आधीच खाली असलेली गाडी आणखी खाली जाईल अशी भीती वाटते. चौघांनी चार गोष्टी सांगितल्या आहेत. पहाटे अंधारात त्या चढावर मला एकटीला जायचंय, तेव्हा कृपया नीट सांगा.

अमोघ७० | ४ ऑक्टोबर, रात्री १०:१५

वर्षाताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो. ते टायर लावू नका. ३४१४ म्हणजे २०१४चा चौतिसावा आठवडा. रबर अकरा वर्षांचं. त्याशिवाय नुसत्या एम+एसच्या टायरांना जर्मनीत ३० सप्टेंबर २०२४ पर्यंतच मुभा होती, तीही २०१७ संपेपर्यंत बनलेल्यांना. आता हिवाळी स्थितीत डोंगर-हिमकणाचं चिन्हच लागतं. ते नसेल तर ६० युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गला, म्हणजे वाहतूक गुन्ह्यांच्या नोंदवहीत, एक दंडगुण. अपघात झालाच तर कास्को (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) विमावालेही हात आखडता घेऊ शकतात.

खाचेचं सांगायचं तर कायद्याला १.६ मिलिमीटर पुरतं, पण आडॅक (इथला वाहनचालकांचा क्लब) हिवाळ्यासाठी ४ म्हणतं. एक युरोची सोनेरी कड ३ मिलिमीटर, दोन युरोची चंदेरी कड ४. तुम्ही दोनचं नाणं वापरत जा.

माप ठरवण्याआधी गाडीचा फारत्सॉयगशाइन (नोंदणीचा कागद) समोर घ्या आणि तीन गोष्टी इथे लिहा. रकाना १५.१ आणि १५.२ मध्ये काय आहे. रकाना २२ मध्ये स्प्रिंगांबद्दल काही लिहिलंय का. आणि गाडीसोबत सीओसी (गाडी बनवणाऱ्या कंपनीचं प्रमाणपत्र) कागद मिळाला का. स्प्रिंगांची नोंदच नसेल तर टायर हा दुसरा प्रश्न आहे, पहिला प्रश्न गाडी रस्त्यावर चालवायची परवानगी शिल्लक आहे का हा.

आल्बची_वर्षा | ५ ऑक्टोबर, दुपारी २:०५

काढला. १५.१ आणि १५.२ दोन्हीकडे १८५/६० आर १५ ८४ एच. रकाना २२ मध्ये बारीक अक्षरात लांबलचक मजकूर आहे. स्प्रिंगांच्या कंपनीचं नाव, पुढच्या-मागच्या स्प्रिंगांवरचे खुणेचे आकडे, आणि चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर. म्हणजे नोंद आहे ना? सीओसीही आहे. त्यात १५, १६ आणि १७ ची मापं दिलीत, १४ नाही.

अमोघ७० | ५ ऑक्टोबर, दुपारी २:३०

छान, मोठं ओझं उतरलं. १४ नसण्याचं कारण बहुधा ब्रेक. मोठ्या डिस्कच्या गाडीला १४ची रिम आत बसत नाही. मग तो विषय सोडा.

आता एकच राहिलं. त्या स्प्रिंगांचं गुटआख्टन (तांत्रिक तपासणीचा अहवाल) कंपनीच्या संकेतस्थळावर बहुतेक मिळतं, त्याचा क्रमांक रकाना २२ मध्येच असतो. त्यात चाक-टायरांच्या अटी असतात. "मूळच्या सर्व मापांना चालेल" अशा अर्थाचं वाक्य सापडलं की तुम्ही मोकळ्या.

चाकणकर | ५ ऑक्टोबर, रात्री ८:५०

मी भारतातून लिहितोय, बर्फात गाडी चालवण्याचा अनुभव शून्य. पण पोलो चाकणला बनत होती तेव्हा बरीच वर्षं सस्पेन्शनच्या कामात होतो, म्हणून ही गाडी खालून पाठ आहे. (आपल्याकडच्या पोलोची उंची जर्मनीतल्यापेक्षा जास्त ठेवली होती. कारण प्रत्येक पुणेकराला माहीत आहे.)

वर्षाताईंची भीती आधी काढतो. १५ची रिम लावली म्हणून गाडी खाली जात नाही. आकडे बघा. २१५/४० आर १७ मध्ये टायरची रुंदी २१५ मिलिमीटर आणि भिंत तिच्या ४० टक्के, म्हणजे ८६ मिलिमीटर. दोन भिंती आणि मधली ४३२ ची रिम मिळून ६०४. १८५/६० आर १५ मध्ये भिंत १११, दोन भिंती आणि ३८१ ची रिम मिळून ६०३. चाकाची बाहेरची उंची तीच, म्हणजे जमिनीपासूनचं अंतरही तेच. बदलतं ते एवढंच की धातू कमी होतो आणि रबर वाढतं. अडीच सेंटीमीटर जास्त उंच भिंत मिळते.

लोअर केलेल्या गाडीला ही भिंत सोन्यासारखी आहे. स्प्रिंग आखूड केली की चाकाला वर जायला उरलेली जागा कमी होते, आणि अशा स्प्रिंगा मुद्दाम कडक केलेल्या असतात. गोठलेल्या चाकोरीवरून जाताना मऊ सस्पेन्शन खळग्यात चाक खाली सोडतं, कडक सस्पेन्शन चाकासकट गाडी उडवतं. कोरड्या डांबरावर हे फक्त पाठीला कळतं. बर्फावर मात्र पकड म्हणजे चाक जमिनीला सतत चिकटून असणं, आणि तेच तुटतं. स्प्रिंगेने सोडून दिलेलं काम थोडंफार टायरची भिंत करते. ८६ मिलिमीटरच्या भिंतीकडे त्यासाठी जागाच नाही.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. गाडी खाली बसली की पुढची चाकं वरच्या बाजूला आत झुकतात, आणि त्याहून वाईट म्हणजे टो बदलतो, चाकांची तोंडं एकमेकांच्या किंवा बाहेरच्या दिशेला किंचित वळतात. मग टायर आतल्या कडेने झिजतो. हिवाळी टायरचं रबर मऊ आणि त्यात शेकडो बारीक चिरा, त्यामुळे तो उन्हाळीपेक्षा लवकर खाल्ला जातो. बाहेरून बघणाऱ्याला टायर नवा दिसतो आणि आतली कड गुळगुळीत झालेली असते. आत्ता लावलेल्या पुढच्या टायरांच्या आतल्या कडेवरून हात फिरवा, गाडीचा इतिहास तिथे लिहिलेला असेल. नवे टायर घ्यायच्या आधी अलाइनमेंट करा. मागचा आस एकसंध आहे, तिथे फारसं जुळवता येत नाही. पुढचा टो मात्र नक्की जुळवता येतो.

निखिल_लो | ५ ऑक्टोबर, रात्री ९:३५

माझी पोलोही लोअर आहे, फ्रांकफुर्टजवळ राहतो. थोडा वेगळा अनुभव मांडतो. मी तीन हिवाळे २१५/४० आर १७ च्या हिवाळी टायरांवर काढले आणि एकदाही अडकलो नाही. इथला हिवाळा म्हणजे ९० टक्के ओला, ४-५ अंशांचा डांबरी रस्ता. त्यावर रुंद टायर उत्तम थांबतो, वळणावर गाडी डुलत नाही. लोअर गाडीचं स्टिअरिंग ज्याला आवडतं त्याला १५ लावल्यावर चिखलात चालवल्यासारखं वाटतं. "हिवाळ्यात अरुंदच" हे जुन्या काळचं आहे, आताच्या टायरांचं रबर आणि चिरा पुष्कळ पुढे गेल्यात.

अमोघ७० | ५ ऑक्टोबर, रात्री १०:१०

निखिल, तू फ्रांकफुर्टच्या सपाटीवर आहेस. त्या आल्बच्या चढावर.

चाकणकर | ६ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

निखिल म्हणतात त्यात तथ्य आहे, ते डावलायला नको. टायरचा जमिनीला टेकणारा भाग किती मोठा हे मुख्यतः चाकावरचं वजन आणि आतली हवा ठरवते. वजन तेच, हवा तीच, तर अरुंद टायरचा ठसा क्षेत्रफळाने साधारण तेवढाच असतो, आकार वेगळा. रुंद टायरचा आडवा आणि आखूड, अरुंदचा उभा आणि लांब. म्हणून "अरुंद टायर जास्त दाबतो म्हणून पकडतो" हे स्पष्टीकरण अर्धवट आहे.

पण पातळ चिखल-बर्फाचा राबडा रस्त्यावर असतो तेव्हा टायरला तो बाजूला सारावा लागतो. १८५ ला कमी सारावा लागतो. २१५ लवकर तरंगतो. अर्धवट वितळलेला बर्फ आणि पाण्याने भरलेल्या चाकोऱ्या ही पहाटे सव्वापाचची रोजची स्थिती असेल तर माझं मत १८५ ला.

निखिल_लो | ६ ऑक्टोबर, सकाळी ८:०२

पटलं. माझ्या रस्त्याला १७, त्यांच्या रस्त्याला १५. आणि एक मान्य करतो, गेल्या फेब्रुवारीत थंडीने फुटलेल्या रस्त्यातल्या खड्ड्यात माझी एक रिम वाकली. १११ ची भिंत असती तर वाचली असती.

कोलोनकर | ६ ऑक्टोबर, सकाळी ११:४५

मध्येच विचारतो, बारमाही टायर का नको? त्यांनाही डोंगर-हिमकणाचं चिन्ह असतं, कायद्याला चालतात. आम्ही कोलोनला चार वर्षं तेच वापरतोय.

अमोघ७० | ६ ऑक्टोबर, दुपारी १२:२०

कोलोनला मीही तेच घेतले असते. ऱ्हाइनच्या काठी बर्फ पडला तर बातमी होते आणि त्या दिवशी घरी बसता येतं. सिस्टरला घरी बसता येत नाही, आणि म्युन्सिंगनला बर्फ बातमी नसते. शिवाय गाडीसोबत १७ची उन्हाळी चाकं आलेलीच आहेत. दोन संच ठेवले की दोन्ही निम्म्याने झिजतात.

स्वारगेट_ते_स्टॉकहोम | ६ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१५

एकच सावधगिरी सांगतो. ऑनलाइन घेताना उत्तरेकडच्या देशांसाठी बनवलेले हिवाळी टायर चुकून घेऊ नका. २०२१ पासूनच्या युरोपीय लेबलवर हिमाचं चिन्ह आणि बर्फाच्या कड्याचं चिन्ह वेगवेगळं असतं. कड्याचं चिन्ह म्हणजे आमच्याकडचा, गोठलेल्या काचेसारख्या रस्त्याचा टायर. रबर फारच मऊ. जर्मनीच्या ओल्या ५ अंशांच्या रस्त्यावर तो ब्रेकला लांब जातो. तुम्हाला मध्य युरोपाचा हवा. खिळ्यांचे तर जर्मनीत चालतच नाहीत.

मीनल_पै | ६ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:००

वाचतेय. मीही आउग्सबुर्गला पहिल्याच हिवाळ्यासाठी गाडी घेतली आहे. सगळ्यांचे आभार.

इन्सब्रुकची_मंजू | ६ ऑक्टोबर, रात्री ९:२५

वर्षा, मी ऑस्ट्रियात एकवीस वर्षं आहे आणि आधी माझ्याकडेही लोअर केलेली छोटी गाडी होती. सगळ्यांनी टायरबद्दल लिहिलंय ते बरोबर आहे. पण टायर ज्याला हात लावू शकत नाही ते सांगते, कारण मी त्यातून गेले आहे.

तुझी गाडी ११ सेंटीमीटर उंच. ताजा बर्फ ८ पडला तर चाकं त्याला दाबून, कापून पुढे जातात. १५ पडला की बंपर नांगरासारखा बर्फ ढकलायला लागतो. थोडा बाजूला पडतो, थोडा गाडीच्या पोटाखाली जातो आणि तिथे दाबला जाऊन घट्ट होतो. मग क्षण असा येतो की गाडीचं वजन चाकांवर नसून पोटाखालच्या त्या ढेपेवर असतं. चाकं फिरतात, गाडी हलत नाही. जगातला सर्वात महाग टायर असू दे, त्याच्यावर वजनच नाही तर तो काय पकडणार? माझी गाडी अशी आमच्या गल्लीत अडकली होती. शेजारच्या आजोबांनी आडवं झोपून फावड्याने पोटाखालचा बर्फ काढला. तेव्हापासून डिकीत घडीचं फावडं.

साखळ्यांचंही बघ. लोअर केलेल्या गाडीत टायर आणि आतल्या बाजूचा स्ट्रट (सस्पेन्शनचा उभा दांडा), टायर आणि फेंडर यांच्यात जागा कमी असते. २१५ वर साखळी बहुधा घासेल. १८५ वर बारीक कड्यांची बसण्याची शक्यता जास्त, पण गाडीच्या पुस्तकात कोणत्या मापाला साखळी चालते ते वाच आणि स्प्रिंगांच्या कागदातही बघ. एकदा अंगणात, कोरड्यात, उजेडात लावून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघ. साखळी लावली की ५० च्या वर जायचं नाही.

आणि इकडे यायचं झालं तर लक्षात ठेव, ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल हिवाळी स्थितीत हिवाळी टायर लागतात आणि खाच किमान ४ मिलिमीटर असावी लागते. तिथे ४ हा सल्ला नाही, कायदा आहे.

आल्बची_वर्षा | ७ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

मंजूताई, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, पण सांगितलंत ते फार बरं केलंत. मी बर्फात अडकण्याचा विचार फक्त चढावर करत होते.

चाकणकर दादा, तुम्ही सांगितलं तसा पुढच्या टायरांच्या आतल्या बाजूने हात फिरवला. डाव्या टायरची आतली कड गुळगुळीत आहे. बाहेरून चांगली दिसत होती.

गुटआख्टन मिळालं. मूळची चाकं-टायर चालतील असं लिहिलंय. साखळीबद्दल त्यात वेगळी अट आहे, ती वर्कशॉपमध्ये वाचून घेईन. तर १८५/६० आर १५. आता ८४ टी मिळतोय, ८८ टी मिळतोय, एच महाग आहे. कोणता?

अमोघ७० | ७ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:५०

८४ म्हणजे एका टायरवर ५०० किलो, ८८ म्हणजे ५६०. कागदात ८४ आहे, त्याखाली जायचं नाही, वर चाललं. टी म्हणजे ताशी १९० किमीपर्यंत. हिवाळी टायरला वेगाचं अक्षर कागदातल्यापेक्षा कमी चालतं, पण तो वेग गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी असेल तर ड्रायव्हरला दिसेल असं स्टिकर लावावं लागतं. तुम्हाला झेबुर्गच्या वळणांवर १९० लागणार नाही, टी घ्या.

कंपनीबद्दल भांडण लावत नाही. हे माप इतकं सामान्य आहे की सगळ्या मोठ्या कंपन्या बनवतात. आडॅकची चाचणी उघडा. २०२३ पासून ते सुरक्षिततेला ७० टक्के आणि पर्यावरणाला ३० टक्के वजन देतात. तुम्ही एकूण गुण न बघता ओल्या रस्त्याचा आणि हिमाचा रकाना बघा. ओल्यात घसरलेला टायर मायलेजमध्ये पहिला आला म्हणून वर चढू शकतो.

जयंतकाका_कार्ल्सरूह | ७ ऑक्टोबर, रात्री ८:१०

मुली, बोल्टांकडे लक्ष दे. याच्यापायी माझ्या मुलाचं चाक निघता निघता राहिलं.

फोक्सवॅगनच्या मूळ रिमला गोल बुडाचा बोल्ट लागतो. बाहेरच्या कंपनीच्या पुष्कळ रिमना निमुळता, ६० अंशांचा लागतो. आटे दोघांचे सारखे, एम १४ बाय १.५, त्यामुळे चुकीचा बोल्टही हाताला नीट फिरतो आणि घट्ट झाल्यासारखा वाटतो. पण टेकतो फक्त एका रेषेवर. आम्ही ज्या वर्कशॉपमध्ये गेलो त्यांनी रिम बदलल्या आणि बोल्ट जुनेच लावले. ८० किलोमीटर गेल्यावर स्टिअरिंग थरथरायला लागलं म्हणून मुलगा थांबला. पाचपैकी तीन बोल्ट हाताने फिरत होते. त्या दिवशी ऑटोबानवर शेजारी माझी सूनही बसली होती.

तेव्हा १७च्या रिम कुठल्या आणि १५च्या कुठल्या ते तपास. दोन्हींना एकच बोल्ट चालतो असं गृहीत धरू नकोस. १२० न्यूटन-मीटरला टॉर्क रेंचने आवळायचे आणि ५० किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. वर्कशॉपने आवळले असले तरी.

चाकणकर | ७ ऑक्टोबर, रात्री ८:४०

काकांच्या प्रत्येक शब्दाला +१.

आल्बची_वर्षा | २५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४५

काम झालं. वापरलेल्या मूळच्या लोखंडी रिम मिळाल्या, नवे चार १८५/६० आर १५ ८८ टी बसवले. टायर, रिम, बसवणं, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट मिळून ६१० युरो. १७च्या रिम बाहेरच्या कंपनीच्या निघाल्या आणि त्यांचे बोल्ट निमुळते! काका, तुम्ही लिहिलं नसतं तर मी विचारलंच नसतं. गोल बुडाचे वीस वेगळे घेतले आणि निमुळत्यांच्या डब्यावर मराठीत "फक्त १७" असं लिहून ठेवलं.

अलाइनमेंटच्या कागदावर पुढचा टो लाल रंगात होता, निघताना हिरवा झाला. गाडी आता सरळ रस्त्यावर हात सोडला तर सरळ जाते. आधी डावीकडे ओढत होती, मला वाटायचं माझीच सवय.

पहिले दोन-तीन दिवस वळणावर टायर थोडे सरकल्यासारखे वाटले.

अमोघ७० | २५ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:३०

नव्या टायरवर साच्यातला निसटता थर असतो, पहिले ३०० किलोमीटर जरा सांभाळून चालवा. हवा थंड टायरमध्ये तपासा. तापमान १० अंशांनी उतरलं की साधारण ०.१ बार कमी होतो. आज १४ अंशांत भरलेली हवा उणे ६ ला कमीच असणार. २०१२च्या पोलोत हवेचा इशारा असेलच तर तो एबीएसच्या सेन्सरवरून चालतो, चाकात वेगळं काही लागत नाही, फक्त बटण दाबून नवी चाकं शिकवायची.

आल्बची_वर्षा | २३ नोव्हेंबर, दुपारी १:१५

पहिला बर्फ. वर ५-६ सेंटीमीटर, खाली नुसता ओला रस्ता. पाळी संपल्यावर वॉर्डातल्या सहकाऱ्याने एका मोकळ्या पार्किंगमध्ये नेलं आणि ३० च्या वेगाने पूर्ण ताकदीने ब्रेक दाबायला लावला. एबीएसची ती खडखड पायाला पहिल्यांदा जाणवली. मी दचकून पाय उचलला, तो म्हणाला पुन्हा, आणि पाय उचलायचा नाही. आठ वेळा केलं. शेवटच्या दोन वेळा ब्रेक दाबलेला असताना गाडी वळवतासुद्धा आली.

नवं कोणी हे वाचत असेल तर हा अर्धा तास नक्की द्या.

मीनल_पै | २३ नोव्हेंबर, रात्री ९:००

वर्षाताई, तुमचं वाचून मीही रविवारी केलं. मला पाय न उचलायला अकरा वेळा लागल्या.

आल्बची_वर्षा | ११ जानेवारी, रात्री ८:२०

मंजूताईंसाठी मुद्दाम लिहिते.

गुरुवारी पहाटे दार उघडलं तर पायरीवर मोजून १७ सेंटीमीटर ताजा बर्फ. मुख्य रस्ता साफ झालेला असणार हे माहीत होतं, बी ४६५ वर फाळवाली गाडी पहाटेच फिरते. पण आमची गल्ली शेवटी साफ होते, आणि घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत दोनशे-अडीचशे मीटर आहेत. तेवढ्यात तुम्ही लिहिलं तसंच झालं. पहिले वीस मीटर गाडी गेली, बंपरपुढे ढीग जमला, पोटाखालून खरखर ऐकू आली, मग चाकं नुसती फिरली. टायर चांगलेच होते. पण वजन त्यांच्यावर नव्हतंच.

मी गाडी आणखी रेटली नाही. डिकीतलं फावडं काढून पोटाखालून बर्फ ओढला, बावीस मिनिटं लागली, मागे घेऊन जागेवर लावली आणि वॉर्डात फोन केला. रात्रपाळीच्या सिस्टर थांबल्या. सहकारी त्याच्या उंच गाडीतून मला मुख्य रस्त्यावरून घेऊन गेला.

त्यानंतर एक सोय केली आहे. हवामानात १० सेंटीमीटरच्या वर बर्फ सांगितला असेल तर आदल्या रात्री गाडी खाली मुख्य रस्त्यालगतच्या पार्किंगमध्ये ठेवते आणि पहाटे तिथपर्यंत चालत जाते. शनिवारी वर-खाली दोन्ही वेळा स्वच्छ झालेल्या पण गोठलेल्या रस्त्याने गेले. चढावर समोरची एक गाडी फिरून आडवी उभी होती. मी तिच्या मागे चढातच थांबले आणि पुन्हा निघाले. चाकं एकदा घसरली आणि मग पकडली.

इन्सब्रुकची_मंजू | ११ जानेवारी, रात्री ९:०५

चढावर थांबून पुन्हा निघालीस, आणखी काय हवं. स्प्रिंगांचं काय ठरवलंस?

आल्बची_वर्षा | ११ जानेवारी, रात्री ९:३०

मूळच्या उंचीच्या स्प्रिंगा घालायच्या. एप्रिलमध्ये उन्हाळी चाकं लावताना एकदमच करेन म्हणजे अलाइनमेंट एकदाच होईल. निखिल, या स्प्रिंगा चांगल्या आहेत, कागदासकट आहेत. तुझ्या ओळखीत सपाटीवरचं कोणी असेल तर सांग.

जयंतकाका_कार्ल्सरूह | ११ जानेवारी, रात्री ९:५०

स्प्रिंगा बदलल्यावर रकाना २२ मधली नोंदही बदलून घे. ट्यूफकडे (गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडे) आधी विचार, मगच काम दे. आणि बोल्ट?

आल्बची_वर्षा | ११ जानेवारी, रात्री ९:५५

ऑक्टोबरमध्ये ५० किलोमीटरनंतर तपासले होते काका. पुढच्या उजव्या चाकाचा एक पाव फेरा फिरला. बाकी एकोणीस जागेवर होते.